तेलाच्या पिप्यातली संध्याकाळ

काल सकाळी गल्लीतून मंडपाचे बांबू भरलेला ट्रॅक्टर गेला. त्याच्यामागून गाद्यांची गाडी, मग खुर्च्यांची. मी स्लॅबवर मोगऱ्याला तांदळाचं धुवण घालत होते. हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि कठड्याला टेकून बघत राहिले. लागली म्हणायची लग्नसराई. घाटंजीसारख्या गावात आचाऱ्याच्या बायकोला पंचांग पाहावं लागत नाही. दारावरून काय काय जातं त्यावरून मुहूर्त कळतात, आणि नवरा किती दिवस घरात दिसला नाही त्यावरूनही.

आमच्या घरचे लग्नाचा स्वयंपाक करतात. गावात त्यांना सगळे ‘महाराज’ म्हणतात, म्हणून इथेही तेच लिहिते. तोंडावर मात्र ‘अवो’. वांगे-आलूची भाजी, वरण, भात, कढी, बुंदी, सगळं त्यांच्या हातचं, आणि यातलं काहीही ते चाखत नाहीत. नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. मीठ, तिखट, सगळं नाकावर. वरणाला उकळी आली की वाकून नुसता वास घ्यायचे आणि म्हणायचे, “मूठभर मीठ अजून लागते याले.” आणि लागायचंच. मी दोन माणसांची भाजी तीनदा चाखते आणि तरी ती खारट होते. माझ्या भाजीवर ते कधी बोलले नाहीत. नुसतं ताक मागून घ्यायचे.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून उन्हाळ्यातल्या संध्याकाळी माझ्या एकटीच्या. आमची मुलगी लहान होती तोवर ती सोबत असायची. पुढे तीही लग्न होऊन नेरला गेली. उद्याच्या लग्नाची तयारी आज दुपारपासून सुरू होते, त्यामुळे दिवेलागणीला हे कधी घरात नसत. उंबऱ्याशी रांगोळी, तुळशीपाशी दिवा, आणि मग कूलरसमोर मी आणि टीव्ही. ते परतायचे तेव्हा आधी त्यांच्या शर्टाचा वास आत यायचा, मग ते. तेल, धूर, जिऱ्याची फोडणी. मी त्या वासावर कायम कुरकुर केली. धुताना हात दुखायचे ना.

आणि यायचे ते रिकामे पिपे घेऊन. तेलाचे चौकोनी पत्र्याचे. भंगारवाल्याला द्यायला यांचा जीव होत नसे. “कामात येतीन” म्हणून स्लॅबवर रचून ठेवायचे. माझ्या मते ते पिपे आमच्या संसाराला लागलेली बुरशी होती. त्यांचं पुढे काय होणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

काही वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर त्यांना ताप आला. साधाच, घरोघरी होता तसा. ताप उतरला, नाक मात्र परत आलं नाही. त्यांनी ते मला सांगितलंही नाही. होळीच्या सुमारास मी कूलर काढला, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, पाणी सोडलं. वाळ्याचा पहिला ओला वास कसा घरभर होतो, विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. दरवर्षी हा वास आला की महाराज जिथे असतील तिथून म्हणायचे, “झाला बाप्पा उन्हाळा सुरू.” त्या दिवशी ते कूलरच्या अगदी समोर बसले होते आणि मला विचारत होते, “पाणी नाही टाकलं काय वं यात?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तापापासून. काहीच नाही येत. धूर डोळ्याले लागते, नाकाले नाही लागत.”

तोवर त्यांनी दोन साखरपुडे आणि एक बारसं अंदाजाने काढलं होतं. कुणी बोललं नव्हतं, पण कुणी पुन्हा वाढूनही मागितलं नव्हतं, आणि ते त्यांच्या बरोबर लक्षात आलं होतं.

यवतमाळला डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर भला माणूस होता, खोटी आशा लावणारा नव्हता. म्हणाला, येईल किंवा नाही येणार, सांगता येत नाही. पण ओळखीचे वास रोज सकाळ-संध्याकाळ घ्या. डोळे मिटून, मन लावून, आठवून आठवून. नाकाला पुन्हा शाळेत घालायचं. मी घरी आल्या आल्या लवंग, दालचिनी, लिंबू, जिरं अशा वाट्या मांडल्या. महाराजांनी लवंग नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग सगळ्या वाट्या उचलून मोरीत ओतल्या. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या माणसाने अन्न सांडलेलं मी तेव्हाच पाहिलं. मला इतकं भरून आलं की मी रागावलेच. “लहान लेकरू आहा काय तुमी?”

“लवंग हुंगून लवंग समजत नसंल त मी कायचा आचारी?” ते म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तेव्हा माझ्या डोक्यात फुलं आली. फूल ओळखता आलं नाही तर आचाऱ्याची अब्रू जात नाही. सकाळी दारचा टपोरा गुलाब पुढे केला, तर महाराज दचकून मागे सरले. “देवाचं फूल हुंगतेत काय? आधी देवाले वाहा.” बरोबरच होतं त्यांचं. आमच्याकडे देवाला वाहायचं फूल कुणी नाकाशी नेत नाही, उष्टं होतं. देवाला वाहून उतरेपर्यंत ते फूल कसलं आणि त्याचा वास कसला. मी दिवसभर विचार करत होते. संध्याकाळी शेजारच्या कुंपणावरून कुठल्यातरी वेलाचा वास आला आणि उत्तर सापडलं. दिवे लागल्यावर आपण झाडाला हात लावत नाही, झाडं निजलेली असतात. म्हणजे जी फुलं दिवे लागल्यावर उमलतात, ती तोडायचीच नाहीत. तोडायची नाहीत म्हणजे देवाला जायची नाहीत. सकाळची फुलं देवाची, संध्याकाळची यांच्या नाकाची. मी हे सगळं त्यांना वकिलासारखं समजावून सांगितलं. त्यांनी बराच वेळ फट शोधली. सापडली नाही.

आठवडी बाजारात रोपवाल्याकडून मोगरा, रातराणी आणि जुई आणली. निशिगंधाचे कंद आणले. गुलबक्षीचं बी लीलाबाईने दिलं. लीलाबाई म्हणजे महाराजांच्या हाताखाली पुऱ्या लाटणाऱ्या बायकांची पुढारीण, इथून जवळच्याच बंजारा तांड्यावरची. तिच्या कपाळाला पदर आणि तोंडाला धार. बी पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं, घामाने ओलसर झालेलं. म्हणाली, “हे चार वाजता फुलते. घड्याळ बंद पडलं त याच्याकडं पाहून चहा मांडा.”

पिपे निघाले. महाराजांनी खिळ्याने बुडाला भोकं पाडली, मी भोकांवर खापऱ्या ठेवल्या. मातीच्या बाबतीत मात्र आमचं दोघांचंही चुकलं. ते शेतातली काळी माती घेऊन आले. “या मातीत कापसाची पऱ्हाटी होते, मोगरा काहून नाही होनार?” मलाही तेच वाटत होतं. इथल्या माणसाचा काळ्या मातीवर इतका विश्वास की दुसरी माती असते हेच आम्हाला पटत नाही. आठ-दहा दिवसांत पिप्यांत विटा तयार झाल्या. माती आळली, पत्र्यापासून सुटली, आणि पाणी घातलं की कडेने सरळ खाली. मुळं कोरडी, स्लॅब ओला. शेवटी सगळं उपसलं, त्यात वाळू, शेणखत आणि लग्नातल्या नारळांच्या शेंड्या कुटून घातल्या. पत्रा उन्हाने तापतो म्हणून प्रत्येक पिप्याला बारदाना गुंडाळला आणि तो ओला ठेवायला लागलो. नळाला पाणी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, कूलरमधून गळलेलं, सगळं पाणी पिप्यांत. वाकायला नको म्हणून एका जुन्या बाकावर पिपे मांडले, खुर्चीत बसलं की फूल बरोबर नाकासमोर येईल असे.

आणि मग आमच्या त्या संध्याकाळी सुरू झाल्या. स्लॅबवर आधी पाणी मारायचं. दिवसभर भाजलेलं सिमेंट ते पाणी पिऊन टाकायचं आणि वाफ पायांना लागायची. महाराज खुर्चीत, डोळे मिटून. मी पिप्यांना हात न लावता त्यांच्यासकट खुर्चीच इकडून तिकडे सरकवायची. “सांगा, कोन्तं?” ते म्हणायचे, “जुई.” असायची रातराणी. “रातराणी.” असायचा मोगरा. एकदा तर मी त्यांना नुसत्या बारदान्यासमोर बसवलं. मोठ्या गंभीरपणे म्हणाले, “निशिगंध.” मी इतकी हसले की खालच्या गल्लीतून कुणीतरी वर पाहिलं. तेही हसले. तापानंतर पहिल्यांदा.

डॉक्टरने आठवून आठवून वास घ्या म्हटलं होतं, म्हणून मी आठवायला लावायचे. मोगरा कुठं पाह्यला पहिल्यांदा? मग ते सांगायचे. आईच्या वेणीत. वडिलांबरोबर पहिलं लग्न रांधायला गेले तेव्हा नवरीच्या खोलीच्या दाराशी. आमच्या लग्नात मी मोगऱ्याचा गजरा माळला होता आणि तो यांच्या पगडीत अडकून तुटला होता, हे त्यांना आठवत होतं आणि मला नाही. इतकी वर्षं एकत्र राहून मी त्यांच्याकडून इतकं ऐकलं नव्हतं. अंधार उतरायचा, बारदान्याचा ओला वास, त्यावर रातराणी, आणि हा माणूस बोलतोय. मी ऐकतेय. दूर कुठेतरी वरातीचा बँड वाजत असायचा आणि आम्ही दोघं जागेवर.

खरं सांगते, मला त्या संध्याकाळी आवडायला लागल्या होत्या. देवापुढे मी त्यांचं नाक मागायची आणि मागताना वाटायचं, नाक आलं की हे जाणार. पुन्हा मी आणि टीव्ही. असं वाटायचं याची लाजही वाटायची. पण वाटायचं.

मग मिऱ्याचं झालं. महाराजांनी कामं कमी केली होती, पण पुरती सोडायला तयार नव्हते. एका लग्नाच्या काळ्या मसाल्यासाठी धने, मिरे, तमालपत्र स्लॅबवर उन्हात पसरलं होतं. बाजूलाच ताटलीत लीलाबाईचं उरलेलं गुलबक्षीचं बी वाळत होतं. ते बी ज्याने पाहिलं असेल त्याला ठाऊक आहे, काळं, गोल, सुरकुतलेलं, हुबेहूब मिरे. संध्याकाळी महाराजांनी सगळं गोळा केलं आणि मिऱ्याची आणि बियाची अशा दोन्ही ताटल्या एकाच डब्यात रिकाम्या केल्या. दुसऱ्या दिवशी मांडवामागे लीलाबाई खलात कुटायला बसली. थोडं कुटून थांबली. खलात पांढरं पीठ झालं होतं. तिने चिमूट नाकाशी नेली.

“महाराज, हे मिरे शिंकवत नाहीत.”

महाराजांनी डबा हातात घेतला, नाकाशी धरला आणि तसेच उभे राहिले. विषारी बी ते, शेकडो लोकांच्या पानात जाणार होतं. बाकीच्या बायकांना कळायच्या आत लीलाबाईने तो खल धुऊन टाकला आणि वाण्याकडून नवे मिरे मागवले. ते लग्न पार पडलं. घरी आल्यावर महाराजांनी मोठी कढई घासली, पुसली आणि पालथी घालून ठेवली. मला म्हणाले, “आता नाही.” आवाज चढवला नाही, काही नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ते संध्याकाळी खुर्चीत बसायचे पण डोळे मिटायचे नाहीत. मी विचारलं, “सांगा, कोन्तं?” तर म्हणायचे, “राहू दे वं.” मोगऱ्याला त्या आठवड्यात असा बहर आला होता की पानं दिसत नव्हती. मला तो बघवेना. ज्या संध्याकाळी मला हव्या होत्या त्या अशा नव्हत्या. घरात तेलाचा वास नाही, धुराचा नाही. मी दोरीवरचे त्यांचे शर्ट नाकाशी नेऊन पाहिले. नुसता साबण. तेव्हा कळलं, मला हा माणूस संध्याकाळी हवा होता, पण त्या कढईसकट.

लीलाबाईच्या मुलीचं लग्न लग्नसराईच्या अखेरीस होतं. स्वयंपाक महाराजांचा, हे मुलगी पाळण्यात होती तेव्हाच ठरलेलं. लीलाबाई घरी आली. महाराज म्हणाले, “दुसरा चांगला मानूस देतो तुले.”

“दुसरा मानूस आला त मी माया पोरीच्या मांडवात जेवनार नाही. मंग लोकं विचारतीन, नवरीची याडी उपाशी काहून? मी तुमचं नाव सांगीन.” तांड्यावर आईला याडी म्हणतात.

“लीला, मले वास नाही येत.”

“मालूम हाय. मीच त पाह्यलं. मंग चाखा.”

“नैवेद्याच्या आधी?”

नेम मोडा असं म्हणायची तिचीही हिंमत नव्हती. लेकीच्या लग्नाचं अन्न, ते देवाच्या आधी कुणी उष्टं करावं? मी चहा घेऊन दारात उभी होते. तोंडातून निघून गेलं, “माझं नाक घेऊन जा ना.”

महाराज माझ्याकडे बघायला लागले. लीलाबाई आधी हसली आणि मग तिने कपाळाला हात लावला. “अवो महाराज, घरात नाक असताना यवतमाळले कायले गेलते?”

अशी मी पहिल्यांदा मांडवामागे गेले. तांड्यावर, कडुलिंबाखाली खणलेल्या चुली, त्यावर कढया, धग अशी की पापण्या कोरड्या पडाव्या. पुऱ्या लाटणाऱ्या बायका मला बघून हसत होत्या. “महाराज बायको घेऊन आले वास घ्यायले.” हसा म्हटलं. मी वाकायची, महाराज विचारायचे. पण मला ते शब्द कुठे येत होते? संध्याकाळी फुलांपुढे त्यांना आठवायला लावलं होतं ना, तेच आता ते मला करायला लागले. “तेल कच्चं वाटते का पिकलं? आपल्या घरी दिवाळीच्या दिवशी येते तसं?” मी म्हणायची, नाही, अजून नाही. “आता?” आता आलं. “वरनात मीठ? नाकाच्या शेंड्याले लागते का मागं घशाकडे?” मी डोळे मिटून उभी राहिले. माझ्या नाकात मीठ आहे हे मला त्या दिवशी कळलं. म्हटलं, “शेंड्याले. मागं नाही.” ते म्हणाले, “मंग अजून मूठभर,” आणि टाकलं.

नैवेद्य दाखवला. पहिलं पान नवरीच्या आईला वाढलं, महाराजांनी स्वतः. लीलाबाईने वरणभाताचा घास घेतला. आम्ही दोघं समोर उभे. ती जेवत राहिली. मग वाटी पुढे केली आणि म्हणाली, “वाढा की. पाहत काय राह्यले?” महाराज वाढायला वाकले ते डोळे पुसतच वर आले. धूर नाकाला लागत नव्हता त्यांच्या, डोळ्याला लागत होता, असं मी धरून चालले.

नाक पुढे पावसाळ्यात परतायला लागलं. पहिला वास कसला आला असेल? मला वाटलं होतं मोगऱ्याचा येईल, मी लोकांना सांगेन. आला सडक्या बटाट्याचा. टोपलीतून एक कुजलेला बटाटा काढून महाराज घरभर नाचत होते आणि मला हुंगायला लावत होते. मग लसूण आला, रॉकेल आलं, पावडर आली. फुलं फार उशिरा आली. त्यातही रातराणी आधी आणि जुई सगळ्यात शेवटी. कढई पुन्हा सुलटी झाली. कामं पुन्हा सुरू झाली. नाक पूर्ण आलं का असं कुणी विचारलं की ते हात हलवून म्हणतात, “अर्धं आलं.” डॉक्टरने केव्हाच सांगितलं, आता दवाखान्यात यायची गरज नाही. पण हे अर्ध्यावरच अडलेले. अवघड लग्न असलं की मला सोबत नेतात. मीही जाते.

पिपे आता गंजले आहेत. दोन बदलले. मोगऱ्याची दरवर्षी छाटणी करते, गुलबक्षी आपली आपणच कुठल्याही पिप्यातून उगवते. तिचं बी मात्र आता दाराबाहेर वाळतं.

तर काल सकाळी तो बांबूंचा ट्रॅक्टर गेला आणि मला वाटलं, चला, संपलं. आता आखाडापर्यंत हा माणूस संध्याकाळी दिसायचा नाही. दिवसभर मनाशी त्याचीच तयारी करत होते. दिवेलागणीच्या आधी चहा घेऊन स्लॅबवर गेले. महाराज कठड्याकडे तोंड करून फोनवर बोलत होते, मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं. पलीकडून कुणी लग्नाच्या स्वागत समारंभाचं बोलत असावं. बडी पार्टी असणार, महाराजांचा आवाज नम्र होता.

“नाही जी, संध्याकाळचं काम मी घेत नाही आता. सकाळचं सांगा, कितीबी पानं असू द्या, आदल्या दिवशीची तयारी लीलाबाई पाहते. संध्याकाळी नाही जमत.” पलीकडच्याने काहीतरी विचारलं. “नाही, तब्येत चांगली आहे. नाकाचं आहे थोडं. डॉक्टरनं सांगितलं आहे, रोज संध्याकाळी बायकोसंगं फुलापाशी बसा लागते. इलाज आहे तो. हो, कायमचा.”

मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले, कप हातात तसेच. पुढे जावं का मागे, कळेना. त्यांनी फोन खिशात टाकला. मान वळवली नाही, रातराणीच्या पिप्याकडे बघत होते.

“अद्रक टाकली वाटते चहात,” ते म्हणाले. “अन् थोडी इलायची.”

“टाकली,” मी म्हटलं, आणि माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली.